सरकारी दवाखाना विकायचा किंवा बंद करायचा अधिकार कोणाला? कागद कसे शोधायचे, हरकत कुठे घ्यायची

बातमी येते ती अर्धवटच. "सिव्हिल खासगी कंपनीला दिलं म्हणे." "प्रसूतिगृहाच्या जागेवर कॉम्प्लेक्स होणार." "दुरुस्तीसाठी बंद केलंय, पण आता उघडण्याचं नाव नाही." मग लोक जमतात, निवेदन लिहितात आणि बऱ्याचदा ते चुकीच्या टेबलावर जाऊन पडतं. पालिकेच्या दवाखान्याचं निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातं, ते सांगतात की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. तिथून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग पालकमंत्र्यांकडे. या फेऱ्यांत दोन-तीन महिने निघून जातात आणि तेवढ्यात करारावर सह्या होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की सार्वजनिक रुग्णालय कोणा एकाच्या मर्जीने विकता किंवा बंद करता येत नाही. रुग्णालय म्हणजे जमीन, इमारत आणि सेवा. या तिन्हींचे धनी वेगवेगळे असू शकतात आणि प्रत्येकासाठी कायद्याने वेगळी परवानगी लागते. ती घेतली नसेल तर अख्खा व्यवहार अडतो. कोणती परवानगी घ्यायची राहिली आहे, हे शोधणं सामान्य माणसाला जमतं. त्याची रीत पुढे दिली आहे. ती महाराष्ट्रातल्या कायद्यांना धरून आहे.

पहिली पायरी: नक्की काय चाललंय ते ठरवा

सरळ खरेदीखत करून सरकारी रुग्णालय विकलं जाणं दुर्मीळ आहे. होतं ते वेगळ्या नावांनी. जागा तीस किंवा साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. इमारत पालिकेने बांधायची आणि चालवायला खासगी संस्थेला द्यायची, याला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात. बोलताना सगळे पीपीपीच म्हणतात. कधी फक्त डायलिसिस, सीटी स्कॅन, रक्त तपासणी बाहेर दिली जाते. कधी जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून काढून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जातं, कारण तिथे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू होणार असतं. हे शेवटचं हस्तांतर सरकारच्या दोन खात्यांमधलं आहे, त्याला विक्री म्हणून विरोध केला तर तुमचं म्हणणं पहिल्याच बैठकीत मोडीत निघेल. तिथे प्रश्न वेगळे विचारायचे असतात: जिल्हा रुग्णालयाच्या मूळ खाटा आणि पदं कुठे जाणार, कॉलेज शहराबाहेर गेलं तर गावातली सेवा राहणार का?

नीती आयोगाने २०२० मध्ये चालू जिल्हा रुग्णालयांना खासगी मेडिकल कॉलेज जोडण्याची योजना मांडली. तिच्यात काही खाटा मोफत किंवा ठरवून दिलेल्या दराच्या आणि बाकीच्या बाजारभावाच्या, अशी विभागणी होती. तुमच्याकडचा प्रस्ताव या जातीचा असेल तर बोर्डावर "शासकीय" हा शब्द तसाच राहील आणि तरीही निम्मं रुग्णालय बदललेलं असेल. त्यामुळे "खासगीकरण होतंय का" असं विचारून उपयोग नाही. किती खाटा, किती वर्षं, कोणते दर आणि कोणत्या रुग्णाला मोफत, हे चार आकडे मागा.

दुसरी पायरी: रुग्णालय चालवतं कोण?

पाटी वाचा, पण तिच्यावर थांबू नका. एकाच शहरात पाच मालक असतात. मुंबईत केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, नायर आणि कूपर ही महापालिकेची. जेजे, सेंट जॉर्जेस, जीटी आणि कामा ही राज्य सरकारची. पुण्यात ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि कमला नेहरू महापालिकेकडे आहे. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषद चालवते. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र थेट राज्याच्या आरोग्य विभागाचं असतं. कामगार विमा रुग्णालयांना १९४८ चा केंद्राचा कायदा लागू होतो. कॅन्टोन्मेंटच्या दवाखान्यांना २००६ चा.

खूण सोपी आहे. डॉक्टर आणि नर्सच्या पगाराच्या बिलावर सही कोण करतं ते विचारा. रुग्णालयातला कोणताही जुना कारकून हे एका वाक्यात सांगतो.

मग जन्माचा कागद शोधा. प्रत्येक सरकारी रुग्णालय कुठल्यातरी आदेशाने सुरू झालेलं असतं: राज्याचं असेल तर शासन निर्णय, पालिकेचं असेल तर सभेचा ठराव, आरोग्य केंद्र असेल तर बृहत आराखड्यातली मंजुरी. त्यातच खाटांची संख्या असते आणि पदांचा आकृतिबंध त्याच्यामागून येतो. हा कागद महत्त्वाचा का? ज्या अधिकाराने आणि ज्या पद्धतीने एखादा आदेश निघतो, त्याच अधिकाराने आणि त्याच पद्धतीने तो बदलता किंवा रद्द करता येतो. आपल्याकडच्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्याचं कलम २१ हेच तत्त्व मांडतं. शासन निर्णयाने ५० खाटांचं रुग्णालय मंजूर झालं असेल तर ते वैद्यकीय अधीक्षकाच्या पत्राने किंवा मंत्र्याच्या भाषणाने बंद होत नाही. दुसरा शासन निर्णय लागतो. पदं आणि पैसा यांचा प्रश्न असेल तर वित्त विभागाची सहमतीही लागते. जुने जीआर शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार सापडतात. फार जुने असतील तर माहिती अधिकारात मागावे लागतात.

तिसरी पायरी: जमीन कोणाच्या नावावर आहे?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. रुग्णालय पालिकेचं असलं म्हणून जागा पालिकेचीच असेल असं नाही.

गावात सातबारा, शहरात मिळकत पत्रिका काढा. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव, वर्ग १ की वर्ग २, आणि "इतर अधिकार" हा रकाना नीट वाचा. "महाराष्ट्र शासन" असं नाव आणि इतर अधिकारात "दवाखान्याकरिता" असा शेरा असेल तर जागा सरकारने ठरावीक कामासाठी दिलेली आहे. नावाजवळचा फेरफार क्रमांक टिपून घ्या आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयातून त्या फेरफाराची नक्कल काढा. कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला, कोणत्या अटींवर जागा दिली, हे त्या पानभर मजकुरात असतं. मिळकत पत्रिकेवर "सत्ताप्रकार" आणि "धारक" हे रकाने पाहा आणि खाली तारखेनुसार केलेल्या नोंदी सुरुवातीपासून वाचा. गहाणखत, भाडेपट्टा किंवा नाव बदल झाला असेल तर तो तिथेच दिसतो.

सरकारी जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम यांनुसारच दिली किंवा घेतली जाते. ज्या कामासाठी दिली त्यापेक्षा वेगळा वापर झाला तर तो शर्तभंग ठरतो आणि जिल्हाधिकारी त्यावर कारवाई करू शकतात. आरोग्य खात्याकडे जागा असते ती वापरासाठी, तिची विल्हेवाट महसूल विभागाला बाजूला ठेवून लावता येत नाही.

तिसरी शक्यता दानाची. महाराष्ट्रातली कितीतरी रुग्णालयं देणगीतून उभी राहिली आणि देणगीला अटी असायच्या. केईएमला जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजसाठी पैसा देणाऱ्या विश्वस्तांनी तिथले अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती, तीही इंग्रजी राज्यात, १९२० च्या दशकात. तुमच्या गावच्या दवाखान्याची जागा एखाद्या घराण्याने दिलेली असेल तर बक्षीसपत्र शोधा. "दवाखान्याखेरीज अन्य वापर केल्यास जागा परत" अशी ओळ त्यात असू शकते, आणि मग देणगीदाराचे वारसही या विषयात बोलू शकतात. भिंतीवरचा संगमरवरी फलक वाचून सुरुवात करा. त्यावर नाव आणि साल दोन्ही असतं, दुय्यम निबंधकाकडे दस्त शोधायला तेवढं पुरतं.

दुय्यम निबंधकांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक काम उरका. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये मिळकतीचा क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहा. व्यवहार झालाय की नुसती चर्चा आहे, याचं उत्तर तिथे मिळतं.

शहरात विकास आराखडाही तपासावा लागतो. त्या जागेवर रुग्णालय किंवा प्रसूतिगृहाचं आरक्षण असेल, तर ते काढायला किंवा बदलायला प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ ची प्रक्रिया करावी लागते. राजपत्रात सूचना निघते, हरकती-सूचनांसाठी एक महिन्यापर्यंत मुदत असते, सुनावणी होते आणि शेवटचा शब्द राज्य सरकारच्या नगरविकास विभागाचा असतो. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. वॉर्डातल्या एकाने ती पानं रोज चाळायची जबाबदारी घ्यावी, कारण त्या महिनाभरातली एक लेखी हरकत नंतरच्या मोठ्या आंदोलनापेक्षा कायद्याच्या दृष्टीने वजनदार असते.

चौथी पायरी: सही करायचा अधिकार कोणाला?

मालक कळला की त्याचे हात कायद्याने किती बांधलेत ते पाहायचं.

महापालिका: मुंबईला १८८८ चा कायदा, बाकी महापालिकांना १९४९ चा. सार्वजनिक रुग्णालयं आणि दवाखाने चालवणं हे मुंबईच्या कायद्यात कलम ६१ खाली आणि १९४९ च्या कायद्यात कलम ६३ खाली महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांमध्ये मोडतं. मालमत्तेची विल्हेवाट मुंबईत कलम ९२ आणि इतरत्र कलम ७९ नुसार होते. आयुक्तांना स्वतःच्या अखत्यारीत फार थोडं करता येतं. १९४९ च्या कायद्यात त्यांचा स्थावर भाडेपट्ट्याचा स्वतंत्र अधिकार एका वेळी बारा महिन्यांपुरताच आहे. रुग्णालयासारखी मिळकत विकायची किंवा दीर्घ मुदतीने द्यायची तर महापालिकेची, म्हणजे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. शिवाय कलम ७९ सांगतं की मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा. नाममात्र भाड्याचा प्रस्ताव आला तर पहिला प्रश्न याच ओळीवर विचारा. मुंबईत जमिनीचे विषय सुधार समितीकडून येतात, तिथली विषयपत्रिका बघत राहा.

नगरपालिका आणि नगर परिषदा: इथे १९६५ चा कायदा आहे आणि कलम ९२ चांगलं कडक आहे. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय नगर परिषद आपली स्थावर मालमत्ता हस्तांतरित करू शकत नाही. प्रस्तावासोबत ठराव लागतो आणि तो एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने मंजूर झालेला असावा लागतो. इथे हजर सदस्यांची संख्या धरायची नाही, एकूण सदस्यसंख्या धरायची. फक्त भाडेपट्टा असेल तर परिषद स्वतः तीन वर्षांपर्यंत देऊ शकते, तोही भाडेकरूने पक्कं बांधकाम करायचं नाही या अटीवर. नूतनीकरणासाठी नगरपालिका प्रशासन संचालकांची परवानगी लागते आणि सगळा मिळून काळ नऊ वर्षांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे नगरपालिकेचा दवाखाना तीस वर्षांसाठी नुसत्या साध्या ठरावाने दिला असेल, तर तो ठराव कायद्यापुढे टिकायला कठीण आहे.

राज्य सरकारची रुग्णालयं: राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रुग्णालयं आणि दवाखाने हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे निर्णय राज्याचा. पण राज्य म्हणजे एकटा मंत्री नव्हे. अनुच्छेद १६६ खालच्या कामकाज नियमावलीनुसार फाइल फिरते, आणि अनुच्छेद २९९ प्रमाणे करार राज्यपालांच्या नावाने, अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो. रुग्ण कल्याण समितीने ठराव केला म्हणून रुग्णालय कुणाला देता येत नाही. तिचा अधिकार निधी आणि सोयींपुरता आहे.

ट्रस्टची रुग्णालयं सरकारी नसली तरी लोकांचीच असतात. तिथे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ बघा. विक्री, अदलाबदल, बक्षीस, किंवा बिगरशेती जागा-इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा, या सगळ्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या पेसा गावांत, ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार १९९६ च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे पेसाने, मान्य केला आहे. आरोग्य केंद्र हलवायचं ठरत असेल तर ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्हा परिषदेला द्या आणि पोच घ्या. इतर गावांतही ठराव करावा, पण त्याला नकाराधिकाराचं बळ नाही हे माहीत असू द्या.

एक प्रकरण मुळापासून बघण्यासारखं

अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये मुंबई महापालिकेची मोठी जागा आहे. तिथे १,५०० खाटांचं रुग्णालय उभारायचा करार डिसेंबर २००५ मध्ये सेव्हन हिल्स कंपनीशी झाला. जागा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळणार आणि बदल्यात वीस टक्के खाटा महापालिकेने पाठवलेल्या रुग्णांसाठी राहणार, असं ठरलं. काम मुदतीत पूर्ण झालं नाही. कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नवा गुंतवणूकदार आला, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने त्याची योजना मंजूर केली, अपील न्यायाधिकरणानेही ती कायम ठेवली. म्हणजे महापालिकेच्या जमिनीवरचं रुग्णालय महापालिकेच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याच्या बेतात होतं.

१५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. दिवाळखोरी संहितेच्या कलम २३८ मध्ये म्हटलंय की तिच्या तरतुदी इतर कायद्यांवर मात करतात. न्यायालयाने सांगितलं की तेवढ्याने सार्वजनिक संस्थेचा आपल्या जमिनीवरचा वैधानिक अधिकार पुसला जात नाही. १८८८ च्या कायद्यातली मंजुरीची पद्धत पाळल्याशिवाय ती जमीन त्या योजनेत घालता येणार नाही. पुढे २०२० मध्ये कोविड आला आणि याच इमारतीत महापालिकेने मुंबईतलं एक मोठं कोविड रुग्णालय चालवलं. ती इमारत त्या वर्षी शहराच्या हाताशी होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

या निकालाचा उपयोग तुमच्या गावातही आहे. समोरचा म्हणाला की करार झालाय, बँकेने पैसे दिलेत, आता मागे फिरता येणार नाही, तर विचारायचं: कायद्यात सांगितलेली मंजुरी कुठे आहे?

याला जोडून आणखी दोन निकाल ध्यानात ठेवावेत. बाल्को प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारी कंपनीतला हिस्सा विकणं हा धोरणाचा विषय आहे, कायदा मोडला नसेल तर न्यायालय त्यात पडणार नाही. पण २००३ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या बाबतीत त्याच न्यायालयाने विक्री थांबवली, कारण त्या मालमत्ता संसदेच्या कायद्याने सरकारकडे आल्या होत्या आणि तो कायदा बदलल्याशिवाय त्या खासगी हातात देता येणार नव्हत्या. त्या कंपन्या रुग्णालयं नाहीत, पण धडा इथेही लागू पडतो. धोरण चूक आहे असं न्यायालयात कितीही पोटतिडकीने मांडलं तरी हाती फारसं लागत नाही. कोणत्या कलमाखालची कोणती मंजुरी नाही, हे दाखवलं तर ऐकलं जातं.

पाचवी पायरी: ठराव वाचायचा कसा

ठरावाची नक्कल, त्या सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि प्रशासनाची मूळ टिपणी असे चार कागद एकत्र ठेवा. विषय पत्रिकेवर आधी होता की ऐनवेळी घेतला? गणपूर्ती होती का? मतदान झालं तर आकडे काय? टिपणीत कलम कोणतं लिहिलंय? जागेच्या मूल्यांकनाचा अहवाल जोडलाय का, आणि तो कोणत्या तारखेचा?

२०२२ नंतर राज्यातल्या कित्येक महापालिकांत आणि नगर परिषदांत निवडणुकाच न झाल्याने प्रशासक होते. मुंबईत मार्च २०२२ पासून आयुक्तच प्रशासक होते. त्या काळातले ठराव प्रशासकाने सभेचे अधिकार वापरून केलेले असतात: प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. असे ठराव आपोआप बेकायदा होत नाहीत, पण राज्य सरकारची मंजुरी, बाजारभाव, जाहीर निविदा या अटी प्रशासकालाही तशाच लागू असतात. आता निवडून आलेली सभा असेल तर नगरसेवकांकडून त्या ठरावाचा फेरविचार मागता येतो.

सहावी पायरी: माहितीचा अर्ज

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र "अ" मध्ये करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून किंवा ऑनलाइन. दोन गोष्टी लोक विसरतात आणि अर्ज फेटाळले जातात: एका अर्जात एकच विषय हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा. त्यामुळे जमीन, ठराव आणि कर्मचारी यांचे वेगवेगळे अर्ज टाका. ठरावाच्या अर्जाचा मजकूर असा चालेल:

"विषय: … रुग्णालय खासगी संस्थेस चालविण्यास किंवा भाडेपट्ट्याने देण्याबाबत.
कालावधी: दि. … ते आजपर्यंत.
तपशील: (१) सदर प्रस्तावाची टिपणी, मंजूर ठराव व इतिवृत्त यांच्या प्रती. (२) प्रस्ताव ज्या कायद्याच्या ज्या कलमाखाली मंजूर केला त्याचा उल्लेख असलेला कागद. (३) राज्य शासनाकडे मंजुरीसाठी पाठवलेले पत्र व आलेले उत्तर. (४) जागेचा मूल्यांकन अहवाल. (५) निविदा सूचना व करारनामा किंवा त्याचा मसुदा. (६) संबंधित नस्तीचे अवलोकन करण्यास दिनांक व वेळ कळवावी."

सहावा मुद्दा सोडू नका. नस्ती, म्हणजे मूळ फाइल, समोर बसून वाचली की कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला, विधी विभागाने काय सावध केलं, वित्त विभागाने कुठे प्रश्न उपस्थित केला, हे सगळं हिरव्या-निळ्या शाईत दिसतं. अधिकाऱ्याचा एखादा प्रामाणिक विरोधी शेरा तुमच्या दहा निवेदनांइतका मोलाचा असतो.

"असे दस्तऐवज उपलब्ध नाहीत" हे उत्तरही जपून ठेवा. राज्य शासनाच्या मंजुरीचं पत्र उपलब्ध नाही असं लेखी आलं, तर तोच तुमचा मुख्य पुरावा आहे. "व्यावसायिक गोपनीयता" म्हणून करार नाकारला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्येच मोठ्या जनहितासाठी माहिती देण्याची सोय आहे, त्याकडे बोट दाखवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे प्रकरणं तुंबलेली आहेत, त्यामुळे खरा जोर पहिल्या अपिलावर आणि नस्ती पाहण्यावर ठेवा. अर्जात कलम ४(१)(क) आणि (ड) यांचाही उल्लेख करा: लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयाची वस्तुस्थिती आणि कारणं प्रशासनाने आपणहून सांगायची आहेत.

न सांगता बंद पडणारी रुग्णालयं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. कुणी काही विकत नाही, ठरावही होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ बदलून जातात, जागा भरली जात नाही. भूलतज्ज्ञ नाहीत म्हणून सिझेरियन थांबतं. मग प्रसूतीसाठी बायका येईनाशा होतात. दोन वर्षांनी अहवालात लिहिलं जातं, "रुग्णसंख्या अत्यल्प असल्याने…" आणि रुग्णालय बंद करण्याचं कारण तयार असतं.

याला उत्तर आकड्यांचं आहे. मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रत्येक रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिक्त, हे मागा. त्याच्या शेजारी महिन्याची बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि प्रसूतींची संख्या मांडा. डॉक्टर गेल्याची तारीख आणि आकडा घसरल्याचा महिना एकमेकांसमोर आले की रुग्ण का कमी झाले ते कुणालाही दिसतं. आरोग्य केंद्र असेल तर लोकसंख्येचा निकषही जोडा: सपाट भागात तीस हजारांमागे एक आणि आदिवासी-डोंगरी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

अनुदान थांबूनही रुग्णालय बंद पडायची वेळ येते. परळची वाडिया रुग्णालयं २०२० च्या जानेवारीत तिथवर आली होती. सरकार आणि महापालिकेकडून येणारा पैसा अडकला होता. विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला, कर्मचारी आणि पालक रस्त्यावर आले आणि निधी सुटला.

इमारत धोकादायक ठरवून खाली करणं ही आणखी एक वाट. इमारत खरंच पडायला आली असेल तर रुग्णांना तिथे ठेवा असं कुणीच म्हणू नये. पण संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा, कोणत्या संस्थेने केला ते बघा, आणि सेवा तात्पुरती कुठे हलवली, पुनर्बांधणीचं अंदाजपत्रक मंजूर आहे का, मुदत काय, हे लेखी घ्या. इमारत रिकामी करण्याच्या आदेशाने रुग्णालयाची मंजुरी रद्द होत नाही. खाटा आणि पदं कागदावर जिवंत असतात आणि ती दुसऱ्या जागेत चालवणं हे प्रशासनाचं काम आहे.

सातवी पायरी: हरकत कुठे आणि कधी

नगर परिषदेचा ठराव असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याची मागणी करा. महापालिका असेल तर १९४९ च्या कायद्याच्या कलम ४५१ नुसार राज्य सरकार ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. अर्ज नगरविकास विभागाच्या प्रधान सचिवांकडे. ट्रस्टच्या जागेसाठी धर्मादाय आयुक्त, सरकारी जागेच्या शर्तभंगासाठी जिल्हाधिकारी. अर्जात भावना चार ओळींत आणि कलम, तारखा, जोडलेले कागद दोन पानांत, असं प्रमाण ठेवा. आमदारांना निवेदन देताना त्यांच्याकडून नेमकं काय हवं ते लिहून द्या: तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना, तयार मसुद्यासह. विधिमंडळात मंत्र्यांनी दिलेलं उत्तर पुढे न्यायालयात दाखवता येतं. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांकडे इतर जिल्ह्यांतल्या अशाच प्रस्तावांचा अनुभव असतो, त्यांच्याशी बोला.

न्यायालय शेवटी, पण फार उशिरा नको. अनुच्छेद २२६ खाली जनहित याचिका उच्च न्यायालयात होते: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंच, जिथे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे विषय जातात. गोव्यासाठी पणजीजवळ पर्वरीला खंडपीठ आहे. आधार म्हणून १९९६ चा पश्चिम बंगा खेत मजदूर समिती निकाल असतोच. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. वेळेवर उपचार न देणं हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. १९८० च्या रतलाम नगरपालिका निकालातही तिजोरी रिकामी आहे म्हणून वैधानिक कर्तव्यातून सुटका नाही, हेच सांगितलं होतं. मात्र या दोन्ही निकालांतून अमुक एक इमारत कायम रुग्णालयच राहिली पाहिजे असा हक्क निघत नाही. त्यामुळे याचिकेचा कणा मंजुरी, पद्धत, बाजारभाव आणि पर्यायी सेवा या चार गोष्टींवर ठेवा आणि अनुच्छेद २१ त्यांना जोडून मांडा.

वकिलाकडे जाताना जन्माचा कागद, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ठरावाचे चार कागद, माहिती अधिकारातली उत्तरं आणि तुमच्या हरकतींच्या पोचपावत्या तारखेच्या क्रमाने लावून न्या. करार नोंदला जाऊन त्रयस्थाने पैसा गुंतवला की स्थगिती मिळणं अवघड होतं, त्यामुळे ठराव झाल्याचं कळताच अर्ज आणि याचिकेची तयारी एकदमच सुरू करा. प्रतिवादींमध्ये राज्य शासन आणि पालिकेबरोबर ज्या संस्थेला रुग्णालय मिळणार आहे तिलाही घ्या. तिला बाजू केलेलं नसेल तर पहिली तारीख तिला नोटीस काढण्यातच जाते.